दामूला मधुमेह निघाला. इन्सुलिन लगेच सुरू करायचं का?

उंबरठा | सोमवार, रात्री १०:५२

इथे मांजरवाले पुष्कळ आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारते.

आमचा दामू. बोका, वय ९, लहानपणीच नसबंदी झालेली. वजन कायम ६.८ किलो, म्हणजे गुटगुटीत वगैरे नाही, सरळ लठ्ठ. गेले दोनेक महिने पाण्याचा वाडगा दिवसातून तीनदा भरावा लागत होता. उकाड्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं. शी-शूच्या वाळूत मुठीएवढे गोळे. खाणं आधाशासारखं, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. शुक्रवारी लक्षात आलं की मागचे पाय चवड्यांवर टाकत नाहीये, टाचा टेकवून चालतोय, सशासारखा. तेव्हा मात्र उचलून नेला.

दवाखान्यात शुगर ४१२. डॉक्टर म्हणाल्या, मांजरांची शुगर नुसत्या घाबरण्यानेही चढते, म्हणून फ्रुक्टोसामीन (गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) केलं. तेही वाढलेलं. लघवीत साखर आहे, कीटोन (शरीराला साखर वापरता आली नाही की चरबी जळून तयार होणारे घातक पदार्थ) नाहीत. वजन ५.६. उद्यापासून इन्सुलिन, १ युनिट सकाळ-संध्याकाळ, १२ तासांच्या अंतराने.

मला सुईची भीती वाटते हे आधीच कबूल करते. स्वतःचं रक्त द्यायचं तरी भिंतीकडे बघते. तर प्रश्न असा की आधी महिनाभर खाणं बदलून बघितलं तर? एकदा सुरू केलं की जन्मभर, असं ऐकलंय. आणि जो प्राणी नखं कापू देत नाही तो दिवसातून दोनदा टोचून घेणार आहे का?

तिरकस | सोमवार, रात्री ११:०५

आधी आलो. माहिती शून्य, दामू या नावाला मात्र पूर्ण मार्क.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:३१

नखांशी तुलना करू नका. नखं कापताना पंजा धरावा लागतो, मांजराला राग त्याचा असतो. माझ्या भुरीला साडेतीन वर्षं टोचतेय. ३१ गेजची सुई केसासारखी असते. वाडगा समोर ठेवायचा, तिने तोंड घातलं की बरगडीच्या बाजूची कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी होते, त्या तंबूच्या दारातून सुई आत. भुरी खाणंही थांबवत नाही. पहिल्या दिवशी मीच रडले होते, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मानगुटीत टोचू नका. तिथली कातडी जाड, रक्तपुरवठा कमी, औषध नीट शोषलं जात नाही. कुशीत, छातीच्या बाजूला द्या, आणि जागा रोज बदलत राहा.

चौथा_मजला | मंगळवार, सकाळी ७:१४

माझं मत वेगळं आहे आणि ते कुणाला आवडणार नाही. ९ वर्षांच्या जिवाला दिवसातून दोनदा टोचायचं, वर कान टोचून शुगर बघायची, हे आपण कुणासाठी करतो? त्याच्यासाठी की आपल्याला अपराधी वाटू नये म्हणून? आधी कोरडे दाणे बंद करा, ओलं मांसाहारी खाणं द्या, वजन आटोक्यात आणा. निम्मे आजार खाण्यातून येतात आणि खाण्यातूनच जातात. नसेल जात तर जेवढं आहे तेवढं सुखाने जगू द्या.

मांडीवरचं_मांजर | मंगळवार, सकाळी ७:४०

चौथा_मजला, टाचा टेकवून चालतोय तो. सुखाने कसं जगेल?

बिनसाखरेचा | मंगळवार, सकाळी ८:०२

गेली १४ वर्षं पोटात टोचून घेणारा प्राणी म्हणून बोलतो. इतकं दुखत नाही हो. दुखतं ते 'जगू द्या ना बिचाऱ्याला' असं कुणी आपल्याकडे बघून म्हणालं की.

उंबरठा, आणीबाणीत माझ्यासारख्या एखाद्या शेजाऱ्याचं पेन चालेल का, हेही विचारून ठेवा. घरोघरी असतं हल्ली.

चारपायी | मंगळवार, सकाळी ९:२६

व्यवसायाने पशुवैद्य आहे. दामूला मी पाहिलेलं नाही, तेव्हा डोस-बिस त्याच्या डॉक्टरच ठरवतील. बाकीचं सांगतो.

बिनसाखरेचा, नाही चालणार. ग्लार्जिन हे माणसांचंच इन्सुलिन मांजरांनाही देतात आणि छान काम करतं, पण तुमच्या पेनात नेमकं कोणतं आहे हा पहिला प्रश्न. बरीचशी पेनं एकेका युनिटने पुढे सरकतात, मांजराला कधी अर्धं लागतं, हा दुसरा. उधारीचं इन्सुलिन नको.

आता मूळ प्रश्न. 'सुरू केलं की जन्मभर' हे मांजरांच्या बाबतीत जवळजवळ उलटं आहे. बहुतेक मांजरांचा मधुमेह माणसांच्या टाइप २ सारखा असतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मेलेल्या नसतात, थकलेल्या असतात. सतत चढलेली साखर त्यांना आणखी थकवते. बाहेरून इन्सुलिन देऊन साखर उतरवली की त्यांना विसावा मिळतो, आणि काही मांजरांच्या पेशी पुन्हा कामाला लागतात. इन्सुलिनशिवाय सलग निदान ४ आठवडे साखर नॉर्मल राहिली तर त्याला रेमिशन म्हणतात. उपचार जितके लवकर सुरू, तितकी ही शक्यता जास्त. महिनाभर थांबून बघणं म्हणजे हीच संधी घालवणं. शिवाय १ किलोहून जास्त वजन उतरलंय आणि टाचा टेकवून चालतोय म्हणजे नसांवर परिणाम दिसतोय. अशा मांजराला थांबवून ठेवलं तर कीटोन यायला वेळ लागत नाही.

खाणं बदलायचंच आहे, चौथा_मजला त्या बाबतीत बरोबर आहेत. कमी कर्बोदकांचं, जास्त प्रथिनांचं ओलं खाणं. पण हळूहळू, आणि डॉक्टरांना सांगून. दाण्यांतली कर्बोदकं एकदम बंद झाली आणि इन्सुलिनचा डोस तोच राहिला तर साखर धाडकन खाली येते.

एक विचारायचं राहिलं. गेल्या काही महिन्यांत स्टिरॉइड दिलं होतं का?

उंबरठा | मंगळवार, सकाळी ९:५८

अगं बाई. हो. खाजेसाठी दोन इंजेक्शनं झाली होती, दुसरं तीन महिन्यांपूर्वी. त्यामुळे झालं?

चारपायी | मंगळवार, सकाळी १०:१०

लठ्ठ, नसबंदी झालेला, मध्यमवयीन बोका. जमीन तयारच होती. स्टिरॉइडने इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणजे त्याने धक्का दिला असू शकतो. स्वतःला बोल लावू नका, खाज खरीच होती. पण डॉक्टरांना तारखा जरूर सांगा, आणि यापुढे कुणीही त्याला स्टिरॉइड द्यायला निघालं तर आधी 'मधुमेह आहे' म्हणा.

कापूसकोंडा | मंगळवार, दुपारी १:२०

सुईची एवढी भीती असेल तर आता मांजरांसाठी तोंडाने द्यायचं औषधही निघालंय ना? आमच्या मामेबहिणीच्या मांजरीला देतात म्हणे. मग टोचाटोची कशाला?

चारपायी | मंगळवार, दुपारी २:०५

निघालंय. अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनच्या पातळ औषधाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. योग्य मांजर निवडलं तर चांगली आहेत. पण ज्याला आधी इन्सुलिन दिलंय, ज्याला कीटोन आहेत किंवा जे नीट खात नाही, अशा मांजराला ती देत नाहीत. यातला धोका फसवा असतो. मीटरवर साखर छान दिसते आणि आत कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा प्रकार, म्हणजे कीटोअॅसिडोसिस सुरू झालेला असतो. म्हणजे निवड पहिल्या दिवसाआधीच करायची. उंबरठा, पहिलं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:१५

विचारलं. वजन एवढं उतरलेलं आणि पायांची ही अवस्था, तेव्हा इन्सुलिनच म्हणाल्या. दवाखान्यात त्यांनी करून दाखवलं, संध्याकाळचं मी दिलं. हात इतके थरथरत होते की दामूच चार वेळा मागे वळून बघत होता, काय चाललंय म्हणून. पण गेलं आत. रात्रपाळी, तंबूचं दार कामाला आलं.

शेवंती | बुधवार, सकाळी ६:५०

टोचायला सगळेच शिकतात. मी दुसरं सांगते, आमच्याकडे झालेलं.

यांनी सकाळी सहाला इंजेक्शन दिलं आणि फिरायला गेले. मी साडेसहाला उठले, मांजर वाडग्यापाशी केविलवाणं बसलेलं, मला वाटलं राहिलंय. दिलं. दोघांनीही आपापलं कर्तव्य चोख पार पाडलं! दहाच्या सुमाराला ती दारूड्यासारखी झोकांड्या खायला लागली, मग एका कुशीवर पडली, मान थरथरत होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसा मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळला. घशात ओतायचा नाही, ठसका लागून फुफ्फुसात जातो. पाचेक मिनिटांत डोळे उघडले, तशीच उचलून दवाखान्यात. दिवसभर सलाइनवर होती. वाचली.

तेव्हापासून फ्रिजच्या दारावर वही टांगलेली आहे. दिलं की वेळ आणि सही. सही नसेल आणि आठवतही नसेल तर इंजेक्शन बुडवायचं. एक बुडालं तर साखर थोडी चढेल, दोन झाली तर जीव जाईल.

मांडीवरचं_मांजर | बुधवार, सकाळी ८:३३

बापरे. वही आजच टांगते. आमच्याकडे मधुमेह नाही, पण जंताच्या औषधाचा हाच घोळ होतो.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ९:१९

शेवंती यांना +१. त्याचंच भावंड म्हणजे सुई कातडीच्या आरपार जाऊन औषध केसांत सांडणं. टोचल्यावर त्या जागी बोट फिरवा. ओलं लागलं आणि दवाखान्यासारखा वास आला की समजायचं, सांडलं. तरीही पुन्हा टोचायचं नाही, कारण आत किती गेलं ते कळत नाही. पुढच्या वेळेची वाट बघायची. आणि खाल्लं नसेल किंवा उलटी झाली असेल तर आधी डॉक्टरांना फोन, मग सुई.

जुनी_वही | बुधवार, रात्री १०:४५

अवांतर, पण राहवत नाही. मांजराचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळं आहे, माणसाच्या इन्सुलिनपेक्षा चाराने. कुत्र्याचं आणि डुकराचं तर तंतोतंत एकच. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी जे प्रयोग केले ते कुत्र्यांवर. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं ते गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क होतं. म्हणजे तेव्हाचं ते औषध माणसापेक्षा दामूलाच जास्त जवळचं होतं.

तिरकस | बुधवार, रात्री १०:५१

कुत्र्यांचे उपकार आहेत हे दामूला कळू देऊ नका. उपचार नाकारेल.

बिनसाखरेचा | बुधवार, रात्री ११:०८

आणि मी दामूच्या वाट्याचं वापरून बसलोय म्हणायचं. हसून हसून पुरेवाट.

उंबरठा | शुक्रवार, रात्री ८:४०

निराश आहे. चार दिवस झाले. टोचणं जमायला लागलंय, वही टांगली आहे, सगळं वेळच्या वेळी. पण पाणी तेवढंच, गोळे तेवढेच. काल घरचा मीटर आणला. कानाच्या कडेला टोचून घेतलं, ३९०, ४०५, आज ३७८. उद्या डॉक्टरांना फोन करून २ युनिट करू का विचारणार आहे. की इन्सुलिनच लागू पडत नाहीये? दवाखान्यातून दोनच सिरिंज मिळाल्या होत्या, नंतर मी केशरी टोपीच्या आणल्या. त्यांच्यावर रेघा इतक्या बारीक आहेत की चष्मा लावूनही १ युनिट म्हणजे थेंबभर दिसतं. चुकतंय का काही?

चारपायी | शुक्रवार, रात्री ८:४७

थांबा. बाटलीवर यू-४० लिहिलंय की यू-१००? आणि सिरिंजवर?

उंबरठा | शुक्रवार, रात्री ८:५५

बाटली ४०. सिरिंज १००.

देवा.

चारपायी | शुक्रवार, रात्री ९:२०

घाबरू नका, चूक झाली ती सुरक्षित बाजूला झाली. सगळ्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण हे नेहमी होतं.

यू-४० म्हणजे १ मिलीत ४० युनिट, यू-१०० म्हणजे १ मिलीत १०० युनिट. सिरिंजवरच्या रेघा त्या त्या औषधाच्या मापाने आखलेल्या असतात. यू-१०० सिरिंजवरची १ ची रेघ म्हणजे ०.०१ मिली. त्यात यू-४० औषध भरलं तर निघालं ०.४ युनिट. दामूला गेले तीन दिवस निम्म्याहून कमी मिळालंय. याच्या उलट, यू-१०० औषध यू-४० च्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत भरलं तर जातं २.५ युनिट. त्यात मांजर दगावतं. यू-४० ची टोपी साधारणपणे लाल असते आणि यू-१०० ची केशरी, पण रंगावर विसंबू नका, आकडा वाचा. मांजरांचं कॅनिनसुलिन आणि प्रोझिंक यू-४० आहे, ग्लार्जिनची नेहमीची बाटली यू-१००.

उद्या २ युनिटचं अजिबात बोलू नका. बरोबर सिरिंज आणा, डॉक्टरांना झालेलं सगळं सांगा, आणि पुन्हा १ पासूनच सुरू करा. केशरी सिरिंजमध्ये अडीच रेघा भरून भागवू नका. गणित बरोबर आहे, पण एखाद्या रात्री झोपेत ते विसरतं.

बिनसाखरेचा | शुक्रवार, रात्री ९:३४

म्हणजे यांनी केशरीनेच आधी २, मग ३ असं वाढवत नेलं असतं आणि एके दिवशी कुणीतरी लाल टोपीची सिरिंज हातात दिली असती तर...

शेवंती | शुक्रवार, रात्री ९:३६

नका हो पूर्ण करू ते वाक्य.

चौथा_मजला | शुक्रवार, रात्री १०:१२

मी वर जे लिहिलं त्यातलं पहिलं वाक्य मागे घेतो, शेवटचं नाही. सिरिंजचा हा घोळ मला माहीतच नव्हता. आमच्या मनीला सहा वर्षांपूर्वी असंच 'इन्सुलिन लागू पडत नाही' म्हणून आम्ही थांबवलं होतं. सिरिंज कुठली होती ते आता कोण सांगणार.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री १०:३०

चौथा_मजला, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

उंबरठा | शनिवार, दुपारी १२:१८

लाल टोपीच्या आणल्या, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेल्या. डॉक्टर रागावल्या नाहीत, उलट दोनच सिरिंज दिल्या हे त्यांचंच चुकलं म्हणाल्या. ७ दिवस डोसला हात लावायचा नाही, मग घरीच दर २ तासांनी मोजून १२ तासांचा कर्व्ह, म्हणजे साखरेच्या चढउताराचा आलेख. इतक्या वेळा कान टोचायचा म्हणजे अवघडच.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १२:४०

कान आधी कोमट कपड्याने शेकून घ्या. कडेला पेट्रोलियम जेलीचा पुसट हात फिरवा, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. दर थेंबाला खाऊ, पण त्यात कर्बोदकं नकोत, उकडलेल्या मांसाचा तुकडा पुरे. आणि मीटर माणसांचा असेल तर तो मांजराची शुगर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, हे लक्षात ठेवा. त्यांच्या रक्तात साखर तांबड्या पेशींत आणि द्रवात वेगळ्या प्रमाणात वाटलेली असते. प्राण्यांचा मीटर मिळाला तर उत्तम. नाही तर निदान रोज एकच मीटर वापरा, दोन मीटरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून झोप घालवू नका.

मांडीवरचं_मांजर | शनिवार, दुपारी १:०२

कातडीला चिकटवायचा सेन्सर पण असतो ना, १४ दिवसांचा? तो का नाही?

चारपायी | शनिवार, दुपारी १:३०

असतो, मांजरांवर वापरतोही. थोडे केस काढून चिकटवायचा. काही मांजरं १४ दिवस ठेवतात, काही दुसऱ्या दिवशी काढून पायाखाली तुडवतात.

तिरकस | शनिवार, दुपारी १:३३

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, याची नवी आवृत्ती.

उंबरठा | ९ आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:०५

धागा वर काढते. पुष्कळ जणांनी व्यनितून विचारलं म्हणून.

पहिल्या कर्व्हमध्ये सगळ्यात खालचा आकडा २६० होता. मग १.५ युनिट. तिसऱ्या आठवड्यात पाण्याचा वाडगा संध्याकाळपर्यंत पुरायला लागला. खाणं दहा दिवसांत थोडं थोडं करून पूर्ण ओल्यावर आणलं. नंतर एका दुपारी ७२ आलं, माझ्या हाताला घाम फुटला. खायला घातलं, अर्ध्या तासाने ९५. त्याच दिवशी फोन केला, डोस पुन्हा १ वर आला. आता खालचा आकडा ११० ते १४० मध्ये असतो. रेमिशन नाही. डॉक्टर म्हणतात घाई नाही, पुढच्या महिन्यात अर्धं करून बघू.

पाय अजून पूर्ण सुधारले नाहीत. सपाटीवर चवड्यांवर चालतो, दमला की टाच टेकते. चारपायींनी व्यनित सांगितलं होतं की नसांना महिने लागतात, तसंच दिसतंय. काल मात्र खिडकीच्या कठड्यावर चढला. पहिल्या उडीत चुकला, मग आम्ही कुणी बघितलं नाही ना याची खात्री करून पुन्हा चढला.

मी अजूनही स्वतःचं रक्त देताना भिंतीकडेच बघते.

चौथा_मजला | रविवार, सकाळी ११:४०

वाचून बरं वाटलं. दामूला कानामागे खाजवा माझ्यातर्फे.

नवाभिडू | रविवार, रात्री ११:५८

नमस्कार, मी इथे नवीन आहे. आमच्या मांजरीला परवा मधुमेह निघाला, शुगर ४४०. वय ११. कालपासून १ युनिट सुरू केलंय, काहीच फरक दिसत नाही. डोस वाढवायला सांगू का? सगळा धागा वाचला नाही, क्षमस्व, खूप मोठा आहे.

उंबरठा | सोमवार, रात्री १२:०३

वाढवू नका. जाग्या आहात ना? बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घ्या, दिव्याखाली धरा आणि दोन्हींवर कोणता आकडा छापलाय तो मला इथे लिहा.